दहा फुटांची वाट

पाथरवटाने मोजणीदाराचा हात मोडला, त्याला चार महिने झाले होते. मोजणीदार जमिनीत पिवळ्या खुंट्या ठोकत होता. पाथरवट वरून उतरून आला, त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली, त्याचं मनगट एका दगडावर दाबून धरलं आणि त्याच हातोडीने एकदाच मारलं. मग हातोडी त्याच्या पिशवीत नीट ठेवून दिली. मोजणीदाराने पोलिसांत सांगितलं, पाय घसरून पडलो.

पोकलेन चालवणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला दलालाने फोनवर एवढंच सांगितलं, की डोंगरात दोन तलावांच्या मधोमध जमिनीचा एक तुकडा आहे. घर बांधण्याजोगा, वर बघाल तर वरचा तलाव, खाली बघाल तर खालचा. गिऱ्हाईक तयार आहे. रस्ता तेवढा काढून द्यायचा. दोन दिवसांचं काम.

या दलालाला सगळे गोडबोल्या म्हणायचे आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही.

बाई अडतीस वर्षांची होती. मशीन तिच्या बापाचं. भाऊ नव्हता म्हणून ती शिकली, असं लोक म्हणायचे. भाऊ असता तरी ती शिकली असती. नवरा मशीन दुरुस्त करायचा. "मोडायचं काम हिचं, जोडायचं माझं," असं तो येईल त्याला ऐकवायचा. या वेळी तो दुसऱ्या एका इंजिनात कोपरापर्यंत अडकला होता, म्हणून ती एकटीच आली.

जमीन मुळात दोन भावांची. बापाने मरण्याआधी वाटणी करून दिली होती. वरचा अर्धा थोरल्याला, म्हणजे पाथरवटाला. त्याचं घर आणि दगड घडवायचं आवार तिथेच, वरच्या तलावाकाठच्या डांबरी रस्त्याला लागून. खालचा अर्धा धाकट्याला. धाकट्याला रस्त्यावर जाता यावं म्हणून थोरल्याच्या आवाराच्या कडेने दहा फुटांची वाट सोडायची, असं बापाने कागदावर लिहून ठेवलं होतं. धाकटा छातीच्या दुखण्याने गेला, त्याला तीन वर्षं झाली. त्याच्या बायकोने जमीन विकायला काढली, आणि त्याच महिन्यात पाथरवटाने त्या दहा फुटांवर आडवी भिंत घातली. चुना नाही, सिमेंट नाही. नुसते दगडावर दगड, माणसापेक्षा वीतभर उंच. कोर्टाने भिंत काढायला सांगितलं. त्याने काढली नाही.

म्हणून मशीन खालून चढवायचं होतं. खाली गाडीरस्ता नव्हता, पण पट्ट्यांवर चालणारं मशीन तलावाच्या काठाकाठाने येऊ शकत होतं. खालच्या तलावापासून वर भिंतीपर्यंत रस्ता कापत जायचं आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांसमोर भिंत पाडायची, असं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी काम झकास झालं. तिने वरची काळी माती खरवडून एका अंगाला रचली, खालची पिवळी उताराच्या बाजूला लोटली आणि मुरूम लागल्यावर त्यावरूनच मशीन मागेपुढे घेऊन तो दाबला. एक मोठा दगड आडवा आला, तो तिने बकेटच्या दातांनी हळूहळू हलवत दाढ उपटावी तसा उपटला. दुपारपर्यंत ती निम्म्या उतारावर आली. खाली लांबलचक तलाव पसरला होता, वरचा मात्र अजून दिसत नव्हता. वर दिसत होती ती भिंत, आणि भिंतीवर बसलेला माणूस.

तो कधी येऊन बसला ते तिला कळलं नाही. तासाभराने तो उतरून मशीनपाशी आला. पंचावन्न-छप्पन्नचा, आडव्या अंगाचा, भुवयांत दगडाची पांढरी धूळ. तिने इंजिनाचा आवाज कमी केला.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"दोन."

"म्हणजे उद्या भिंतीपाशी येशील."

"कोर्टाचा कागद आहे ना."

"कागद असेल. भिंत मी घातलीय." त्याने मशीनच्या मागच्या बाजूला, इंजिनावरच्या पत्र्यावर हात ठेवला. तो पत्रा इतका तापतो, की ती स्वतः तिथे चुकूनही बोट लावत नसे. त्याने तळवा तिथेच राहू दिला. "घर कुठं तुझं?"

तिने सांगितलं.

"मग उद्या घरी थांब," तो म्हणाला आणि सावकाश हात काढून वर निघून गेला.

संध्याकाळी ती खालच्या तलावाच्या काठी गेली. फोनला रेंज तेवढीच होती. गोडबोल्या हसला. "अहो ताई, तो नुसता भुंकणारा आहे. उद्या अकराला पोलीस येतायत, मी स्वतः अर्ज दिलाय. तुम्ही बिनघोर झोपा." मग तिने नवऱ्याला फोन केला. तो हसला नाही. "मशीन खाली घे आणि ये," तो म्हणाला. ती म्हणाली, "अर्धा रस्ता टाकून आजवर मी कुठून आलेय का?" तो म्हणाला, "नाही आलीस. म्हणूनच सांगतोय."

ती धाकट्याच्या बायकोकडे मुक्कामाला होती. तिला सगळे वहिनी म्हणायचे, त्यामुळे हीसुद्धा वहिनीच म्हणू लागली. तलावाकाठी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक पलंग, शिलाईमशीन आणि भिंतीला लागून घड्या घातलेल्या पांढऱ्या चादरींचे गठ्ठे. वहिनी पलीकडच्या हॉटेलच्या चादरी धुवायची आणि फाटलेल्या घरी आणून शिवायची. धुण्याच्या औषधाने तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून पेरापेरांवर चिरली होती. जेवताना ती उजव्या हाताची दोनच बोटं वापरत होती.

"तुमचे दीर आले होते," बाई म्हणाली.

वहिनीचा घास थांबला. "काय म्हणाले भावजी?"

"घरी थांब म्हणाले."

वहिनीने ताट बाजूला सारलं आणि मग मोजणीदाराची गोष्ट सांगितली. तिच्या नवऱ्याचीही सांगितली. "ह्यांचे पुढचे दोन दात भावजींनीच पाडलेले. ह्यांनी पहार जागेवर ठेवली नव्हती. एवढंच. नंतर स्वतःच गाडी काढून दवाखान्यात घेऊन गेले, बाहेर बसून राहिले. पुढच्या वर्षी पुन्हा बरगडी मोडली."

"आणि तुम्हाला?"

"मला कधी बोटही लावलं नाही. मी त्यांच्या हिशेबी नाहीच ना. जमीन दोघा भावांची, मी आपली मधे उगवलेली." ती उठून चादरींची घडी उगाच सारखी करू लागली. "मला बहिणीजवळ जाऊन राहायचंय. एवढंच हवंय. दाराबाहेर कुणाचा पाय वाजला की उठून कडी तपासायला लागू नये."

"हे सगळं मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"सांगितलं असतं तर आला असतात?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं," वहिनी म्हणाली. तिने नजर वर केली नाही. बाईला राग आला, पण तो नेमका कुणावर काढायचा ते तिला कळेना.

सकाळी ती मशीनपाशी गेली तर खालची माती तेलाने काळी झाली होती. मशीनच्या लांब हातावरचे, बूमवरचे, तेलाचे दोन होज पाइप कापले होते, तेही घाईघाईने नाही. छिन्नी ठेवून, एकेक घाव मारून. बाकी कशालाही हात लावलेला नव्हता. तिच्याकडे जादा पाइप होते. ते बसवून तेल भरायला दोन तास गेले. वहिनी शेजारी उभी राहून पाने हातात देत होती.

दहा वाजता गिऱ्हाईक आलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. काटकुळी, पांढऱ्या केसांची, पायात पुरुषी बूट. गाडी वर डांबरी रस्त्यावर लावून भिंतीच्या कडेच्या झुडपांतून वाट काढत ती खाली उतरली. हातात मोजायची कापडी टेप होती. आल्या आल्या ती जमिनीवर काठीने रेघा ओढू लागली. "इथं माझी ओट्यासमोरची खिडकी. इथं दार. तीस वर्षं वॉर्डात ट्यूबलाइटखाली काढली, आता पाणी बघत भाजी चिरणार." तिने बाईला विचारलं, "शौचखड्डा कुठं घ्यावा हो?" बाईने खालच्या अंगाची जागा दाखवली. पाच मिनिटं सगळं साधं, रोजचं वाटलं.

गोडबोल्या साडेदहाला आला. अकरा वाजले. पोलीस आले नाहीत. तोपर्यंत बाईने मशीन भिंतीपासून वीस फुटांवर आणून उभं केलं होतं.

"सुरू करा ताई, येतीलच ते," गोडबोल्या म्हणाला.

"आल्यावर."

"अहो, मशीनचा तास फुकट जातोय."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि इंजिन बंद केलं.

त्या शांततेत भिंतीच्या वरून पाथरवट आला. आधी पहार टेकवली, मग एक पाय, मग दुसरा, आणि धप्पकन अलीकडे उतरला. पहार चार फुटी होती, टोक झिजून चकाकणारी. तो कुणाकडे न बघता भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

गोडबोल्या कागद घेऊन पुढे गेला. त्याचा सगळा जन्म बोलण्यावर निभावला होता; याही वेळी निभावेल असं त्याला वाटलं असणार. "दादा, तुम्ही वडीलधारे. बसून बोलू. सिस्टर भल्या बाई आहेत, उद्या तुमच्याच शेजारी, तुम्हालाच घराच्या दगडाचं काम..."

पाथरवटाने पहार आडवी फिरवली. ती गोडबोल्याच्या खांद्यावर, मानेच्या अगदी जवळ बसली. लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो ओरडलासुद्धा नाही. गुडघ्यांवर बसला आणि आपला लोंबणारा हात दुसऱ्या हाताने धरून त्या हाताकडेच बघत राहिला. पाथरवटाने त्याच्या छातीवर पाय देऊन त्याला मागे लोटलं. तो उतारावरून घरंगळत सिस्टरच्या स्वयंपाकघराच्या रेघांवर जाऊन पडला. कागद त्याच्या मुठीत तसाच होता.

"भावजी," वहिनी म्हणाली. ती पळाली नाही. दोन्ही हात पुढे करून त्याच्याकडे चालत गेली. "भावजी, पुरे. मी नाही विकत. नाही विकत मी."

बहुतेक हेच ऐकून त्याचं डोकं फिरलं. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला भिंतीपाशी ओढत नेलं. "आता नाही विकत? आता?" तिचं तोंड त्याने दगडावर घासलं. "हा दगड कोणी आणला? बोल. हा? आमच्या बापाच्या जमिनीत परकी माणसं आणतेस. माझा भाऊ जिवंत असताना एक शब्द बोलली असतीस का?" प्रत्येक प्रश्नाला तो तिचं डोकं आपटत होता. सिस्टर धावली, त्याच्या हाताला लोंबकळली. त्याने कोपर मागे मारलं आणि ती तोंड धरून खाली बसली.

बाईने इंजिन चालू केलं. पुढे काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. मशीन त्यांच्या मधे न्यावं, आवाजाने तरी तो थांबेल, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. आवाजाने तो थांबला खरा. त्याने वहिनीला सोडलं, पहार उचलली आणि मशीनकडे आला. डाव्या बाजूच्या पट्ट्यावर चढून त्याने कॅबिनच्या काचेवर पहिला घाव घातला. काच फुटून तिच्या मांडीवर सांडली. दुसरा घाव तिच्या खांद्यावर बसला. तिसऱ्या वेळी त्याने पहार भाल्यासारखी आत खुपसली. तिने मान वळवली तरी टोक डाव्या भुवईपासून गालापर्यंत उतरलं. डोळ्यात काहीतरी गरम फुटलं आणि त्या बाजूचं जग विझलं.

तिने मशीन झटक्यात उजवीकडे फिरवलं. कॅबिन सरकली तसा त्याचा पाय सुटला आणि तो खाली आपटला. पहार दूर पडली.

इथे ती थांबू शकली असती. हे तिने नंतर स्वतःलाच पुष्कळदा सांगितलं. तो खाली पडला होता, हात रिकामे होते. पण तो उठला. पहारीकडे गेला नाही, भिंतीतला एक दगड उपसून दोन्ही हातांत घेतला आणि वहिनीकडे वळला. वहिनी रांगत भिंतीपासून थोडी दूर आली होती, अजून चारही हातापायांवर, उठायचा प्रयत्न करत होती, आणि तिला दिसत नव्हतं. त्याने दगड डोक्याच्या वर नेला.

बाईने डावा लिव्हर शेवटपर्यंत ढकलला. बूम डावीकडे फिरला. उजव्या डोळ्याने तिला त्याची पाठ दिसत होती आणि तिने नेम पाठीवरच धरला होता. एका डोळ्याने अंतर चुकलं. बकेट त्याच्या पलीकडे भिंतीत घुसली आणि अख्खी भिंत, त्याने एकेक दगड निवडून रचलेली, त्याच्या अंगावर आली. वहिनी हातभर अलीकडे होती म्हणून वाचली.

धूळ बसली तेव्हा त्याचं डोकं, छाती आणि एक हात बाहेर होता. कमरेखाली नुसते दगड. तो शिव्या देत होता. आवाज खणखणीत होता. दगडांच्या फटींतून मात्र रक्त झिरपत मातीत उतरत होतं.

सिस्टर उठली. तिचा ओठ फाटला होता, एक दात हलत होता; तिने तो जिभेने चाचपला आणि दुर्लक्ष केलं. "मोठे दगड मशीनने उचलता येतील?" तिने खालून विचारलं. "एकेक. सावकाश. तुला दिसतंय ना?"

"एका डोळ्याने."

"मी हात वर केला की थांबायचं."

बाईने ओढणीने अर्धं तोंड बांधलं. डाव्या खांद्यात कळ उठत होती, तरी लिव्हर हलवण्यापुरतं मनगट चालत होतं. बकेटचे दात तिने पहिल्या दगडाखाली घातले. सिस्टरने हात वर केला. थांबली. पुन्हा. सात मोठे दगड तिने असे काढले. ज्याला पाच मिनिटांपूर्वी मारायला निघाली होती त्याच्या पोटापासून वीतभर अंतरावर लोखंड जपून फिरवत होती. आठव्या दगडाखाली मांडी होती. सिस्टरने ती बघितली आणि आपली मोजायची टेप काढून जांघेशी करकचून बांधली, पान्याचा दांडा घालून पिळली. "हा पाय गेला," ती हळू आवाजात म्हणाली. "माणूस राहील, लवकर वर नेला तर."

गाड्या वर डांबरी रस्त्यावर होत्या. मधे दगडांचा ढीग आणि त्याच्यामागे ती दहा फुटांची वाट. त्या ढिगावरून हा आडव्या अंगाचा माणूस गाडीपर्यंत नेणं म्हणजे मोठा धोंडाच वाहून नेणं. आणि उचलणार कोण? गोडबोल्या खाली विव्हळत पडलेला. बाईने बकेट जमिनीशी टेकवली. वहिनी चाचपडत आली. तिचं तोंड एका बाजूने सुजून बंद झालं होतं. सिस्टरने आणि तिने मिळून त्याला ओढून बकेटमध्ये घेतलं. मग वहिनी त्याच्याबरोबर आत बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पिळलेला पाना दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तो तिला नाही नाही ते बोलत होता.

"भावजी, शिव्या द्या," वहिनी म्हणाली, "पण हलू नका."

बाईने ढिगाऱ्यावर मशीन चढवलं. पट्ट्यांखाली दगड फुटत, सरकत होते. बकेट तिने जमिनीपासून फूटभर उंच धरली होती आणि सिस्टर शेजारून चालत हात दाखवत होती: डावीकडे, थांब, चल. बाईच्या बंद डोळ्याच्या बाजूला पाथरवटाचं आवार होतं. रांगेत लावलेली जाती, उखळं, पायऱ्यांचे घडीव दगड. मान वळवल्यावर ते तिला दिसलं. सगळं इतकं नीट होतं, की तिला एकदम उलटी आली. तिने तोंड बाजूला करून फुटलेल्या काचेतून बाहेर ओकलं आणि पुढे गेली.

डांबरी रस्त्यावर सिस्टरने गाडीची मागची सीट पाडून त्याला घेतलं. वहिनी पाना धरून तशीच त्याच्याबरोबर आत सरकली. गाडी गेली. बाईने इंजिन बंद केलं, खाली उतरायला गेली आणि पट्ट्यावरच बसली. समोर वरचा तलाव होता. तो तिने पहिल्यांदाच बघितला.

नवरा दवाखान्यात पोचला तेव्हा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन संपत आलं होतं. डोळा राहिला, नजर गेली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांकडून कळलं ते तिने त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "दोन डोळ्यांनी तरी तू माझं कुठं काय बघत होतीस." मग तो बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी फौजदार जबाब घ्यायला आला. शहाणा माणूस होता, वाईट नव्हता. दलालाने पोलिसांकडे अर्जच दिला नव्हता, हे त्याच्याकडूनच तिला कळलं. गोडबोल्याने मात्र आपला जबाब देऊन टाकला होता: बाईंच्या डोळ्यात रक्त गेलं, दिसलं नाही, चुकून लिव्हरला हात लागला.

"तसंच लिहू ना?" फौजदार म्हणाला. "तुमच्या दृष्टीनेही तेच बरं."

"चुकून नाही लागला," ती म्हणाली. "मी ढकलला."

"भिंत पाडायला?"

"त्याला मारायला. भिंत मधे आली."

फौजदाराने पेन खाली ठेवलं. नवरा खिडकीपाशी उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. "बाई, विचार करा. एकदा लिहिलं की लिहिलं."

"मोजणीदार पाय घसरून पडला म्हणाला होता," ती म्हणाली. "तेव्हाच खरं बोलला असता तर मी त्या डोंगरावर गेले नसते. लिहा."

खटला दीड वर्ष चालला. तिच्यावरही आणि त्याच्यावरही. पाथरवटाला कुबड्यांवर आणायचे. उजवा पाय मांडीपासून काढला होता. त्याच्या वकिलाने त्याला पढवून आणलं होतं, की मी फक्त अडवायला गेलो, कुणाला मारायचा इरादा नव्हता. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर तो तसं बोललाच नाही.

"दगड कशासाठी उचललात?" असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भावजयीच्या डोक्यात घालायला."

"आणि या बाईंनी मशीन फिरवलं नसतं तर?"

"तर घातला असता."

बाई मागच्या बाकावर बसून ऐकत होती. त्याने हे पश्चात्तापाने म्हटलं की फुशारकीने, ते तिला समजलं नाही. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. त्या एका वाक्याने ती सुटली. समोरच्याचा जीव वाचवण्यासाठी केलं, असं कोर्टाने मानलं. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि प्रकृती बघून तीन वर्षांत सोडलं. वहिनी बहिणीजवळ राहायला गेली. तुरुंगात त्याला भेटायला ती कधी गेली नाही. "पाना धरला तेवढं पुष्कळ झालं," ती फोनवर म्हणाली.

एका डोळ्याने मशीन चालवणं बाईला नव्याने शिकावं लागलं. नवऱ्याने अंगणात विटा मांडल्या. बकेटच्या दाताने वीट नुसती शिवायची, पाडायची नाही. पहिले दोन महिने तिने सगळ्या विटा पाडल्या. डावा लिव्हर ढकलताना तिचा हात मधेच आखडायचा आणि ती इंजिन बंद करून खाली उतरायची. तो विटा पुन्हा उभ्या करायचा. आठ महिन्यांनी तिला पुन्हा परवाना मिळाला.

रस्ता दुसऱ्याच कुणीतरी पुरा केला. सिस्टरने घर बांधलं. आणि पाच वर्षांनी एका सकाळी तिचा फोन आला: शौचखड्डा तुंबतोय, दुसरा खणायचाय, येशील का? नवरा म्हणाला, मी येतो. ती म्हणाली, ये.

वरच्या तलावापाशी ट्रेलरवरून मशीन उतरवून ती वाटेच्या तोंडाशी आली. दहा फुटांच्या कडेला, आवाराच्या आत, पाथरवट खाली बसून दगड घडवत होता. एक पाय पुढे पसरलेला, दुसऱ्याच्या जागी दुमडून खोचलेली पँट, शेजारी कुबडी आणि हातात घण. मशीनचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. त्याने तिला ओळखलं. तिच्या डोळ्यावरच्या वणाकडे बघितलं आणि घण मांडीवर आडवा ठेवला.

दोघांच्या मधे सहा-सात फूट अंतर होतं. नवरा मागून चालत येत होता, तो थांबला.

"पुढे माती सैल आहे," पाथरवट म्हणाला. "पावसाने कड खचलीय. भिंतीच्या बाजूने घे."

भिंत आता नव्हती. तो आपल्या आवाराच्या बाजूला म्हणत होता. तिने त्याच्या घणाकडे बघितलं, मग कडेकडे. कड खरंच खचलेली दिसत होती. तिने मान हलवली, कॅबिनचं दार आतून लावून घेतलं आणि मशीन त्याच्या बाजूने पुढे घेतलं.